काचघराची तार

ताईने डब्यावरचं पाणी बाहीने पुसलं, झाकणाचे स्क्रू सोडवले आणि मातीत हरवू नयेत म्हणून ओठांत धरले.

"गिळशील एखादा," आई म्हणाली.

ताईने नुसती मान हलवली. बोलायची सोय नव्हती, आणि बोलली असती तर भांडणच झालं असतं. काचघरात दुपार साचून राहिली होती. छताच्या काचा आतून घामेजल्या होत्या. त्यातून येणारं ऊन हिरवं होऊनच खाली उतरत होतं, आणि नेच्यांच्या लांब पानांना लटकलेले थेंब पडू की नको अशा विचारात होते. इथे आलं की माणसाला पेंग येतेच. लहानपणी ताई अभ्यासाचं पुस्तक घेऊन यायची आणि कुंड्यांमधल्या बाकावर गाढ झोपायची. आईने हाक मारली की पुस्तक उलटं धरून वाचायला लागायची.

आज झोप कुठली! कारखान्यातून ती तशीच निघाली होती, अंगावरचा कामाचा डगलाही न काढता. बाहीवर फिक्या निळ्या रंगाचे फराटे वाळून गेले होते. रंगाच्या कारखान्यात छटा जुळवायचं तिचं काम. गिऱ्हाईक भिंतीचा टवका पाठवतं, आणि तिने अगदी तोच रंग कालवून द्यायचा. कालवायचा, पट्टीवर लावायचा आणि वाळेपर्यंत वाट बघायची, कारण ओल्या रंगावर विश्वास ठेवून चालत नाही. त्या वाळण्याच्या वेळात ती फोन काढून आईचं काचघर बघत बसायची.

बघत म्हणजे कॅमेऱ्यातून नव्हे. कॅमेऱ्याचं नाव काढल्यावर आईने, "मी काय पिंजऱ्यातलं माकड आहे?" असं विचारलं होतं, आणि तो विषय तिथेच मिटला. फोनवर यायचे ते फक्त आकडे: ऊब, ओल आणि उजेड. हौशी माणसं घरी खटपट करायला घेतात तसला तळहाताएवढा बोर्ड, त्याला जोडलेले सेन्सर, आणि त्याच्या डोक्यावर बसवलेलं नेटवर्कच्या वायरीचं सॉकेट, एवढाच सगळा कारभार. पण त्या आकड्यांत आई अख्खी मावायची. सकाळी दार उघडलं की ओल झपकन खाली यायची. नळी सुरू झाली की पुन्हा चढायची. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून आईने पडदा ओढला की उजेड उतरायचा. दुसऱ्या शहरात, हातात रंगाची पट्टी धरून उभ्या असलेल्या ताईला ते सगळं कळायचं, आणि जरा वेळ तिच्या नाकालाही ओल्या मातीचा वास यायचा.

अर्थात, बोर्ड धड चालेल तेव्हा.

गेल्या वर्षी आई इथेच शेवाळावर घसरून पडली होती. पडली सकाळी आणि सापडली संध्याकाळी, तीही शेजारीण 'नळ वाहतोय, पाणी काय फुकटचं आहे का' म्हणून भांडायला आली तेव्हा. पाय बरा झाला. ताईची भीती काही बरी झाली नाही. घर बंद कर आणि माझ्याकडे चल, हा धोशा तिने लावला. आई हलायला तयार नव्हती. शेवटी दोघींत तह झाला: ताई काचघरात बोर्ड बसवणार, तो नीट चालला, आई उठली-बसली ताईला कळत राहिलं, तर आई इथेच राहणार. नाही चालला, तर झाडं विकायची आणि मुकाट्याने ताईकडे जायचं. रोपवाटिकेवाला येऊन नेच्यांवर नजर फिरवूनही गेला होता. येत्या सोमवारी तो पक्कं करायला येणार होता.

आणि बोर्ड काही चालत नव्हता. खरं तर त्याचं वागणं अगदी खोडकर मुलासारखं होतं. ताई घरी असली की गुणी बाळ, आणि तिची पाठ वळली की त्याचं डोकं फिरलं. मधूनच काचघर कोरडं व्हायचं, उजेड जायचा, ऊब भलतीच चढायची, जणू झाडांच्या पोटात आणखी एखादी खोली आहे आणि बोर्ड अधूनमधून त्या खोलीत जाऊन बसतो. मग आपसूक परत यायचा. ताईने सेन्सर बदलले, वायर बदलली, डबा बदलला. त्या खोलीची तिला स्वप्नंही पडू लागली होती. स्वप्नात ती कुंड्यांच्या मागे दार शोधत फिरायची.

आज भर दुपारी आकडा सांगत होता, काचघरात अंधार आहे. ताईने पट्टी तशीच ओली टाकली आणि फोनसुद्धा न करता गाडी काढली. एरवी ती यायच्या आदल्या दिवशी आईला कळवायची. आज पोचली तेव्हा आई दारातच उभी होती, हातात कात्री, आणि तोंडावर असा भाव की घरात पाहुणा यावा आणि पसारा पडलेला असावा.

"अगं, कळवायचंस तरी!"

"तुला काय झालंय की काय या धाकाने आले, आणि कळवायचंस काय?"

"मला काय धाड भरलीय?" असं म्हणून आई मागोमाग काचघरात आली होती आणि तेव्हापासून तिथून हलली नव्हती.

ताईने आता बोर्डाची वायर उपसली, मग विजेची पिन काढली. बोर्डावरचे चिमुकले हिरवे-पिवळे दिवे विझले. बोर्ड मांडीवर घेऊन ती बाकावर बसली. त्याच्या सॉकेटवर तिने स्वतःच गुंडाळलेली चिकटपट्टी होती, शेवटचं टोक नखभर दुमडलेलं. ती शिकवण बाबांची. बाबा टेलिफोनच्या तारांची दुरुस्ती करायचे. चिकटपट्टी लावली की टोक दुमडायचं, म्हणजे उद्या ती उघडणाऱ्याची नखं तुटत नाहीत, उघडणारा कोण असेल ते आपल्याला थोडंच माहीत असतं! वायरलेस प्रकारावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. "तार असताना माणसाचं बोलणं वाऱ्यावर कशाला सोडायचं?" असं म्हणायचे. काचघराचा लोखंडी सांगाडा आणि ओली पानं वाय-फाय गिळून टाकतात हे कळलं तेव्हा ताईला हसू आलं होतं, आणि बाबांच्या खोक्यातून तिने हे जुनं सॉकेट शोधून काढलं होतं.

ती बसली आणि पेंग तिच्याही नकळत आली. थेंब टपटपत होते. सवयीने तिचं बोट फोनवर गेलं.

ऊब, ओल, उजेड. आकडे आले.

जुने असतील म्हणून तिने पुन्हा विचारणा केली. पुन्हा आले, किंचित बदललेले. ताजे. मांडीवरच्या बोर्डावर एकही दिवा नव्हता, त्याची वायर मातीत लोळत होती, आणि तरी त्याच्याच नंबराने कुणीतरी उत्तर देत होतं: इथे कोरडं आहे, इथे अंधार आहे, इथे बरीच ऊब आहे.

तिला भीती वाटली नाही. त्या हिरव्या गुंगीत भीती वाटायला जागाच नव्हती. क्षणभर तिच्या मनात आलं ते एवढंच की बाबा आहेत. मग तिला स्वतःचाच राग आला आणि ती उठली.

"कुठे चाललीस?" आईने विचारलं.

"घरात."

"घरात कशाला? इथलं आवर आधी. मी चहा टाकते हवं तर."

ताईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आई कधी कामाच्या मध्ये चहा विचारत नसे. वर्गात भूगोल शिकवून सगळी हयात गेली तिची, आणि हातचं काम अर्धवट टाकणाऱ्याला ती अजूनही बाकावर उभं करील.

फोन हातात धरून ताई खोल्याखोल्यांतून फिरू लागली. बैठकीतला दिवा लावला, आकडा ढिम्म. आईच्या खोलीचा पडदा सारला, काही नाही. धाकट्या भावाच्या जुन्या खोलीत कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून बघितलं. घर उन्हात सुस्त पडलं होतं, जिने आणि दारं आपापल्या जागी, आणि या सगळ्यात कुठेतरी एक कोपरा होता जो तिच्याशी बोलत होता. स्वप्नातलं दार शोधण्याइतकंच ते विचित्र वाटत होतं, फक्त पायांखाली खरी फरशी होती. आई मागून येत होती. प्रत्येक खोलीत "चहा टाकू ना?" असं विचारत होती. शेवटी ताई म्हणाली, "टाक बाई, एकदाचा टाक!"

आई स्वयंपाकघरात गेली. शेगडी पेटल्याचा आवाज आला. ताई बाहेर उंबरठ्यावर उभी होती, आणि तिच्या हातातला उबेचा आकडा वर चढू लागला. हळूहळू, मग भराभर.

"आई, गॅस बंद कर."

आईने केला. आकडा थबकला.

"लाव परत."

आईने लावला नाही. ती वळली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. तिच्या तोंडावर आता चोरी सापडल्याचंच हसू होतं.

शेगडीच्या वरच्या फळीवर डाळीतांदळाचे डबे होते. ताईने स्टूल ओढलं, चढली, मागचा डबा सरकवला. भिंतीला टेकून साबणाची प्लास्टिकची डबी होती. झाकणाला भोक पाडून त्यातून सेन्सरने नाक बाहेर काढलं होतं, आणि मागून निघालेली वायर कपाटाच्या कडेने राउटरच्या दिशेला गेली होती. ताईने डबी खाली घेतली आणि खिडकीशी, उजेडात नेली. आत बोर्ड होता, तिच्याच बोर्डाचा जुळा भाऊ. सोल्डरिंगचे थेंब वाटाण्याएवढे जाडजूड. असं गबाळं काम जगात एकच माणूस करत असे. आणि चिकटपट्टीचं टोक नखभर दुमडलेलं.

ताईचे हात थांबले.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघांत शब्द नव्हता, बाबा गेले तेव्हापासून. बाबांना दवाखान्यातून घरी आणायचा हट्ट धाकट्याचा होता; बाबांनी त्याच्याकडे तसं मागितलं होतं. घरी आल्यावर थोड्याच दिवसांत ते गेले, काचघराकडे तोंड करून. माणसं पांगल्यावर ताई त्याला म्हणाली होती, "तू मारलंस त्यांना." तो चपला घालून निघून गेला होता. तेव्हापासून ताईने ते वाक्य परत घ्यायचं म्हणून अनेकदा फोन हातात घेतला होता, आणि दर वेळी रंगाची एखादी पट्टी वाळलेली असायची.

"कधीपासून आहे हे?" तिने विचारलं.

"तुझ्या आधीपासून. माझा पाय मोडला त्याच्या पुढच्याच महिन्यात." आईने चहाचं भांडं उगाच इकडचं तिकडे केलं. "स्वयंपाक करते की नाही, गॅस चालू राहिला की काय, ते बघतो तो. म्हणाला, ताईला सांगू नकोस."

"का?"

"का म्हणजे? आईला काही होत नाही, ताई उगाच घाबरते, असं तोंड वर करून सांगत होता ना सगळ्यांना. घाबरतो हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं त्याला."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू काय म्हणाली होतीस बोर्ड लावताना? धाकट्याला कळता कामा नये. म्हणाली होतीस की नाही?"

म्हणाली होती. आई एकटी राहू शकते हे धाकट्याचं म्हणणं आपण अर्धंमुर्धं मान्य केलं, हे त्याला कळायला नको होतं तिला.

"मग मी काय करायचं?" आई म्हणाली. "तू यायची असलीस की त्याची वायर काढून ठेवायची. तो यायचा असला की तुझी. गेलात की परत लावायची. पाठ झालंय मला, निळी तुझी, करडी त्याची. आज न सांगता आलीस म्हणून घोटाळा झाला."

ताई मटकन स्टुलावर बसली. घोटाळा आजचा नव्हताच. तिला सगळं एकदम दिसलं, आणि हसावं की रडावं कळेना. महागड्या यंत्रांना कारखान्यातून निघतानाच स्वतःचा नंबर मिळतो, नेटवर्कमध्ये त्या नंबराने ती ओळखली जातात. बाबांच्या खोक्यातल्या जुन्या सॉकेटांना असा नंबरच नव्हता. तो ज्याचा त्याने प्रोग्रामच्या डोक्यावर लिहायचा, आणि घरात दुसऱ्या कुणाचा तोच नसला म्हणजे झालं. सहा जोड्यांचा नंबर. लहानपणी पहिला बोर्ड केला तेव्हा नंबर कुणी ठरवायचा यावरून दोघांची जुंपली होती, आणि बाबांनी वाटणी केली होती: पहिल्या तीन जोड्या ताईच्या, पुढच्या तीन धाकट्याच्या. पुढे काहीही करायचं झालं की जुना प्रोग्राम उचलायचा आणि नव्या बोर्डात ओतायचा, ही या हौशी लोकांची खोडच असते. तिने तेच केलं होतं. त्यानेही तेच. एका घरात एकाच नंबराचे दोन बोर्ड, आणि राउटर बिचारा गोंधळून कधी हिचं उत्तर पाठवायचा तर कधी त्याचं.

"आई, हे दोन्ही एकदम लागले की एकमेकांच्या पायात येतात. म्हणून माझा चालत नव्हता. त्यापायी तुझं घर मोडायला निघाले होते मी. सोमवारी तो माणूस येणार होता ना?"

आईचा चेहरा उतरला. इतके महिने तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि त्या हुशारीने स्वतःच्याच पायावर धोंडा पडत होता.

"मला काय माहीत, दोन्ही एकदम चालत नाहीत ते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं एकदम घरात आलात कधी?"

तेवढ्यात ओट्यावरचा आईचा फोन वाजला. आईने नाव बघितलं, उचलला नाही, ताईपुढे धरला.

"घे. डबी उजेडात नेलीस ना. त्याला दिसलं असणार."

ताईने घेतला. पलीकडे आवाज घुमत होता, कुठल्यातरी लिफ्टच्या खोल विहिरीत उभा असावा तो.

"आई, फळीवरचं काही पडलं का गं? उजेड एकदम वाढला."

"मी आहे," ताई म्हणाली.

मग तो म्हणाला, "हं."

"तुझा आणि माझा नंबर एकच आहे."

"काचघरात तुझा आहे?" त्याने विचारलं. "तरीच. मला मधूनच घरात पाऊस पडल्यासारखं दिसायचं."

ताईला बोलायचं होतं ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं, मघाच्या स्क्रूंसारखं.

"मी रविवारी येऊन माझा बदलतो," तो म्हणाला.

"गरज नाही. मी आत्ताच माझा बदलते."

"मी बदलतो म्हटलं ना."

"मी बदलते. तू तुझी कामं कर."

फोन बंद झाला. कुणी केला ते दोघांनाही सांगता आलं नसतं. आईने कप पुढे सरकवला आणि तोंडातून ब्र काढला नाही. तिच्यासारख्या बाईला हे फार कठीण गेलं असणार.

ताईने गाडीतून लॅपटॉप आणला, काचघराच्या बाकावर बसून नवा नंबर घातला, बोर्डाला वायर लावली. दिवे लुकलुकू लागले. निळी आणि करडी, दोन्ही वायरी राउटरला लागल्या आणि आकडे आपापल्या जागी शांत उभे राहिले. निघताना ती आईला म्हणाली, "त्या माणसाला सोमवारपर्यंत काही सांगू नकोस. तोवर नीट चाललं तर बघू."

"आणि नाही चाललं तर?"

"तर ठरलंय तेच."

आई मान हलवून आत गेली. तिने भांडणसुद्धा केलं नाही, आणि ताईला ते तिच्या रडण्यापेक्षा जास्त लागलं.

तो आठवडा मात्र ताईला स्वप्नात गेल्यासारखा गेला. आकडे एकदाही अडखळले नाहीत. सकाळी दार उघडायचं, नळी चालायची, पानांवरून पाणी गळून गेलं की ओल सावकाश उतरायची. ती रंग कालवत असायची आणि खिशात काचघर श्वास घेत असायचं. एकदा तर गिऱ्हाइकाने पाठवलेल्या राखाडी टवक्याच्या जागी तिने हिरव्याकडे झुकणारी छटा कालवून ठेवली. वरिष्ठांनी पट्टी पाहिली, तिच्याकडे पाहिलं, आणि "बरं वाटत नाही का?" असं विचारलं. खूप बरं वाटत होतं. फक्त धाकट्याच्या आठवणीने मध्येच काळजात कळ यायची. आता तिच्या फोनवर स्वयंपाकघर येत नव्हतं. ती विचित्र, कोरडी, अंधारी खोली निघून गेली होती, आणि इतके महिने जिला शिव्या घातल्या तिची चक्क उणीव भासत होती.

रविवारी दुपारी ती इस्त्री करत होती. कपड्यांचा ढीग संपत आला होता आणि खिडकीतलं ऊन पलंगापर्यंत पोचलं होतं. सहज तिने फोन बघितला. काचघर ओलं, उजेडाने भरलेलं. पुन्हा बघितला. काचघर कोरडं, अंधारं, आणि ऊब चढत चाललेली.

तिने इस्त्री उभी केली. उद्या सोमवार. उद्या तो माणूस येणार होता, आणि बोर्डाने नेमका आजचा मुहूर्त साधला होता. पुन्हा विचारणा केली: ओलं. पुन्हा: कोरडं. हा खेळ ती चांगला ओळखत होती. ती बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं. तिने आईला फोन लावला.

उचलला धाकट्याने.

"तू घरी आहेस," ती म्हणाली.

"सांगितलं होतं ना रविवारी येतो म्हणून. बदलला मी नंबर. आता तुझा बिघडणार नाही."

"काय घातलास?"

"काय म्हणजे? जुन्याचाच शेवटचा आकडा एकाने वाढवला."

ताई भिंतीला टेकली. "अरे गाढवा," ती म्हणाली, "मीही तेच केलंय."

पलीकडून नाकातून फुटलेला आवाज आला, लहानपणी जेवताना हसू दाबलं की त्याच्या नाकातून असंच पाणी यायचं. ताईलाही हसू आवरलं नाही. पाठीमागे आई काहीतरी विचारत होती, मग आवाज जवळ आला.

"अगं, चाललंय की नाही ते सांगा एकदा. उद्या तो येणार आहे, मी त्याला काय सांगू?"

"येऊ नकोस म्हणावं," ताई म्हणाली. "झाडं विकायची नाहीत."

आईने "बरं" म्हटलं, इतकं हळू की ताईला ते जेमतेम ऐकू आलं. मग फोन परत धाकट्याकडे गेला असावा, कारण ओट्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आता लांबून येत होता. ताईने फोन कानाशी घट्ट धरला. एवढा आवाज खाली आणून ती या माणसाशी कधी बोलली नव्हती.

"ऐक ना. बाबांच्या वेळी मी तुला जे बोलले ते..."

"ताई," तो म्हणाला, "आधी नंबर सांग. नाहीतर दोघंही परत तोच टाकून बसू."

ती थांबली. इस्त्री बाजूला थंड होत होती. मग तिने पहिली जोडी सांगितली, आणि पलीकडून त्याने ती म्हणून दाखवली. तिने दुसरी सांगितली. तिसऱ्या जोडीला तिचा आवाज फुटला. तो वाट बघत राहिला.

"पुढच्या तीन तू सांग," ती म्हणाली.